ठाणेदार काकू

तीन दिवसांसाठी म्हणून अकोल्याहून आलेली काकू आमच्या दारात सात महिने बसून होती. बसून म्हणजे खरोखरच बसून. व्हरांड्यात, दाराच्या चौकटीला पाठ टेकून, प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर. मांडीवर कधी निवडायचे तांदूळ, कधी मेथीची जुडी. आतल्या खोलीत आई होती, केमोनं पार पिळून निघालेली. आणि आई व सारी अमरावती यांच्या मध्ये ही बाई होती. आठवडाभरात गल्लीनं तिला ठाणेदार काकू करून टाकलं. ते तिच्या कानावर गेलं तेव्हा ती खूशच झाली. "मंग पगार बी द्या म्हना," म्हणाली.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको, आईची जाऊ. काका आणि माझे बाबा दोघंही आधीच गेलेले. मी एकटी मुलगी, लग्न केलं नाही, शाळेत शिकवते. आईला कॅन्सर निघाला तेव्हा नातेवाइकांचे फोन पुष्कळ आले, पिशवी घेऊन आली ती ही एकटीच.

दारात बसायचं तिनं आल्या आल्या ठरवलं नव्हतं. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाण्याची रीत आहे, आणि भेटायला आलेला माणूस गप्प बसत नाही. पहिल्या केमोनंतर बडनेऱ्याच्या एक दूरच्या आत्या आल्या, आईच्या उशाशी बसल्या आणि आपल्या शेजारणीला अगदी हेच कसं झालं होतं आणि ती कशी गेली, ते शेवटच्या दिवसापर्यंत सांगून, चहा पिऊन गेल्या. आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी काकूनं स्टूल उचललं आणि बाहेर मांडलं.

"बाई झोपल्या हायेत." हे तिचं ठरलेलं वाक्य. आईला ती बाई म्हणायची. सकाळी अकरा असोत की संध्याकाळचे पाच, बाई झोपलेल्या. एकदा शेजारच्या वहिनी दारात असतानाच आईनं आतून पाणी मागितलं. वहिनींनी काकूकडे पाहिलं. काकू मेथीची काडी मोडत म्हणाली, "झोपेत बोलून राहिल्या. औषधच तसं हाय."

येणारा रिकाम्या हातानं येत नसे. कोणी अंगारा आणी, कोणी पपईच्या पानांचा रस, कोणी कुठल्याशा वैद्याची पुडी. काकू सगळं दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची, आणि माणूस वळणावर दिसेनासा झाला की रस कढीपत्त्याच्या बुडात ओतायची. "या झाडाले आता कायी होत नसते," असं मला बजावायची. मी हसले की तीही पदर तोंडाला लावून हसे. त्या सात महिन्यांत मी जेवढं हसले तेवढं नंतर कधी हसले नाही, हे लिहितानाही लाज वाटते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, प्रत्येक केमोनंतर दहाएक दिवस पांढऱ्या पेशी उतरतात, तेवढ्या दिवसांत माणसं लांब ठेवा. नंतर एखाद-दुसरं माणूस चालेल. काकूनं यातलं पहिलं अर्धं घेतलं. "दहा दिवस कोन मोजत बसीन? एखादा दिवस चुकला अन् बाईले ताप आला तं? दार बंद म्हनजे बंद." मला ते पटलं होतं असं नाही, पण सोयीचं होतं. शाळा, रिपोर्ट, दवाखान्यातल्या रांगा यांतून घरी आलं की कोणाचं तोंड पाहायची मला इच्छा नसे. येणाऱ्यांना नाही म्हणायला काकू होती. वाईटपणा तिचा, शांतता माझी.

मात्र संध्याकाळी ती आईच्या पायांना तेल लावत बसायची आणि दिवसभरात परत पाठवलेल्यांची हजेरी घ्यायची. कोण आलं, काय आणलं, काय म्हणालं, सगळं नकलांसकट. आईच्या डोक्यावर केस उरले नव्हते, ओठ सोलले होते, तरी ती हसायची. हजेरी संपली की मात्र दर वेळी विचारायची, "अजून कोनी?"

"इतकेच," काकू म्हणायची.

आई कोणाची वाट पाहते हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. नांदगाव खंडेश्वरला तिचा धाकटा भाऊ होता, माझे मामा. आठ वर्षं बोलणं नव्हतं. मामांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत आत्या म्हणून आईचं नाव नव्हतं. विधवेचं नाव कशाला, असं तिकडच्या कोणा शहाण्यानं ठरवलं, आणि मामांनी पत्रिका न वाचताच छापायला दिली. आई लग्नाला गेली नाही. सख्खी बहीण आली नाही म्हणून मामा रुसले. आजारपणाचा निरोप मीच पाठवला होता. आई त्यांचं नाव तोंडातून काढत नसे, फक्त तेवढं विचारायची.

मामा आले ते जानेवारीतल्या एका दुपारी. एसटीनं आले होते, हातात बागेतल्या संत्र्यांची थैली. मी स्वयंपाकघरात आईची पेज ढवळत होते. आधी खोकला ऐकू आला, मग आवाज. आठ वर्षांनी ऐकला तरी ओळखला.

"वयनी, अक्काले भेटाले आलो."

"बाई झोपल्या हायेत. अन् भाऊ, तुमाले खोकला हाय."

"दुरूनच पायतो. आत बी येत नाई. दारातून दिसली तरी झालं."

"आठ दिवसांनी या. खोकला जाऊ द्या."

मी गॅस बंद केला. पेजेचा आवाज थांबला म्हणजे नीट ऐकू येईल म्हणून. सकाळीच मी रिपोर्ट आणला होता. पेशी चढल्या होत्या, डॉक्टर म्हणाले होते, ठीक आहे. कागद माझ्या पर्समध्ये होता. मामांच्या तोंडाला मास्क लावून त्यांना खोलीच्या दारात उभं करता आलं असतं. त्यासाठी मला दहा पावलं चालायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं. मी खिडकीच्या फटीतून पाहत राहिले. मामा समोरच्या ओट्यावर तासभर बसले. मग उठले, थैली काकूच्या पायाशी ठेवली आणि गेले. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आठ वर्षं आईला रडवलंत ना, बसा आता बाहेर, असं काहीसं माझ्या मनात होतं.

त्या संध्याकाळी काकूनं हजेरी घेतली. तीन नावं झाली.

"अजून कोनी?" आईनं विचारलं.

काकूचे हात तळपायावर थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रिपोर्टची फाईल लावत होते; मी वर पाहिलं नाही.

"इतकेच," काकू म्हणाली.

संत्री आई खाऊ शकत नव्हती. ती आम्ही गल्लीत वाटली.

सहाव्या दिवशी आईला ताप भरला. दवाखान्यात नेलं ते थेट आयसीयूच्या काचेच्या आत. तिथं काकूलाही कोणी विचारलं नाही. मी मामांना फोन लावला, ते निघाले, आणि पोचायच्या आत आई गेली.

मयतीला मामांनी सगळ्यांसमोर काकूला धारेवर धरलं. "तुमी मले दारातून परतवलं. कावून परतवलं?" अंगणात पन्नास माणसं होती. ज्यांना ज्यांना तिनं परत पाठवलं होतं ती सगळी होती. काकूनं हात जोडले. "चुकलं भाऊ माझं," एवढंच म्हणाली. बायका कुजबुजल्या. बडनेऱ्याच्या आत्या तर मोठ्यानंच बोलल्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला रडू येत होतं, त्यामुळे माझ्याकडून कोणाला बोलण्याची अपेक्षा नव्हती. चौदाव्या दिवशी काकू अकोल्याला निघून गेली.

तिच्याकडे मी अधूनमधून जायची. तिच्या घराचं पुढचं दार दिवसभर सताड उघडं असे. कुत्री आत येत, विक्रेते थेट माजघरापर्यंत येत, मुलगा-सून वैतागत. तिनं ते लावू दिलं नाही. दुपारी पडल्या पडल्या डोळा लागला की ती मध्येच उठून बसे आणि दाराकडे पाहून म्हणे, "या ना, आत या. जाग्या हायेत." दारात कोणी नसायचं. मी समोर बसलेली असायची. विषय काढायचाच असं ठरवून मी प्रत्येक वेळी अमरावतीहून निघे आणि चहा पिऊन परत येई. आताही घरी बेल वाजली की उठण्याआधी मी थांबते. काकू काय सांगते ते ऐकायला थांबते.

मागच्या वर्षी काकू गेली. तेरवीला अकोल्याला मामा आले होते. मला वाटलं नव्हतं येतील. खूप थकले होते. मला बाजूला घेऊन खुर्चीवर बसवलं.

"वयनी माह्या घरी आली होती," म्हणाले. "अक्का गेली त्याच साली. एकटी, एसटीनं. मी बोललो नाई तिच्याशी, उन्हात बसून होती. मंग म्हने, भाऊ, त्या दिवशी घरात आमी दोघीच होतो, बाई अन् मी. पोरगी औषध आनाले गेली होती. ती असती तं तिनं तुमाले आत घेतलं असतं, ते पोरगी तशी नाई." त्यांनी डोळे पुसले. "लई दिवस मनात होतं विचाराचं. खरं हाय ना हे, पोरी?"

आत पंगतीची पानं मांडत होते. काकूच्या फोटोला हार घातला होता.

"हो मामा," मी म्हटलं. "मी असते तर घेतलं असतं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि मग जेवायला गेले.