मोबाइलला नेट, कॉम्प्युटरला नाही

आमच्या ह्यांना एकच वेड, गार्ड. टेबल फॅनला कंपनीची जाळी असते, तिच्यावर ह्यांनी आणखी एक बारीक जाळी बसवली. गॅसच्या बटणांना झाकणं केली. मिक्सर लावायचा तर आधी मला बजावणार, "कस्तुरा, झाकण धर." अहो, एवढी वर्षं मिक्सर लावतेय मी, कधी हात घातलाय का त्यात? पण सांगणार कोणाला!

ह्यांचं नाव कोंडीराम. आधी पिंपरीत आणि मग चाकणला, प्रेस शॉपमध्ये उभं आयुष्य गेलं. मोठ्या प्रेसखाली पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचे, ते काम. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसपुढं जाळी असते, तिलाच गार्ड म्हणतात. एकदा माल लवकर द्यायचा होता, तर सुपरवायझर म्हणाला, गार्ड काढा, स्पीड येईल. ह्यांनी काढला आणि उजव्या हाताची दोन बोटं तिथंच राहिली. त्यानंतर गार्डशिवाय मशीनला हात लावला नाही, दुसऱ्याला लावू दिला नाही. त्यापायी साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, प्रमोशन हुकलं, पण माणूस हटला नाही. मला राग येतो त्यांचा, आणि तेवढाच अभिमानही वाटतो. आता निवृत्त होऊन काळेवाडीच्या ह्या भाड्याच्या घरात दिवसभर माझ्या डोक्यावर बसलेत.

आमची लेक मिनल लहानग्या सोनूला घेऊन सासरहून परत आली, त्याला आता दोन पावसाळे झाले. का आली ते विचारू नका, त्या माणसाचं नाव मी घरात घेत नाही. पोरगी रडत बसली नाही. विम्याच्या एका कंपनीत घरबसल्या काम मिळवलं. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि सोडवायच्या. फोन येतात ते कॉम्प्युटरमधूनच, मोबाइलवर ते काम चालत नाही. कंपनीनं कॉम्प्युटर घरी पाठवला तेव्हा ह्यांनी सगळ्या चाळीला चहा पाजला.

पण सोनू नुकती चालायला लागलेली, आणि तिला वायर दिसली की ती तोंडात घालायची. ह्यांनी ते एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी चिखलीला मित्राच्या वर्कशॉपमध्ये गेले आणि आठवडाभर तिथंच रमले. आणलं काय, तर जाड पत्र्याचं कपाट! कॉम्प्युटरचा डबा आत ठेवायचा, स्क्रीन शेजारच्या टेबलावर, वायरी मागून एका भोकातून काढायच्या, पुढं दार, दाराला कडी. सोनूनं ओढून अंगावर घेऊ नये म्हणून भिंतीला बोल्टनं आवळलेलं. वर निळा रंग, कोपरे घासून गोल केलेले. काम इतकं देखणं की मीसुद्धा गप्प बसले.

आणि तिथूनच नेटची रडकथा सुरू झाली. मिनल कोणाशी बोलत असली की मध्येच आवाज तुटायचा. "हॅलो, सर, ऐकू येतंय का?" पलीकडचा माणूस आधीच तापलेला, तो आणखी तापायचा. स्क्रीनवर गोल गोल फिरत राहायचं. गंमत म्हणजे त्याच टेबलावर पडलेला मोबाइल, तेच वायफाय, आणि त्याच्यावर सोनूची गाणी धाडधाड चालायची. राउटर बंद करून चालू केला. पासवर्ड बदलला. मिनलनं कॉम्प्युटरमधलं काय काय काढलं आणि परत टाकलं.

नेटवाल्या पिंटूला बोलावलं. पिंटू इथल्याच जुन्या गावकरी घरातला, बोलण्यात एकदम मोकळा. मोबाइलवर स्पीड तपासून म्हणाला, "काकू, आमची लाइन झकास हाय. फोनवर बगा की! कॉम्प्युटरच मार खातोय, त्याला आमी काय करनार? न्हाईतर राउटरपासून वायर वढू."

"जमिनीवरून वायर? पोर अडकून पडेल," हे म्हणाले. भिंतीवरून घ्यावी तर घरमालक खिळा मारू देत नाही. बोल्टाच्या वेळीच त्यानं केवढा तमाशा केला होता! पिंटू हात झटकून गेला. कंपनीनं दुसरा कॉम्प्युटर पाठवला, तोही तसाच. मग मिनलची मॅडम म्हणाली, सोमवारपासून आठवडाभर तुझे कॉल तपासणार. लाइन तुटली तर हैदराबादच्या ऑफिसला येऊन काम कर, नाहीतर सोडून दे. सोनूला टाकून पोर हैदराबादला कशी जाणार? आणि काम सोडलं तर परत त्या माणसाच्या दारात उभी राहणार का? माझा जीव टांगणीला लागला.

त्यात बुद्ध पौर्णिमा जवळ आली. आमच्यात त्याआधी घर कानाकोपऱ्यातून धुऊन निघतं. मी कपाटातून कॉम्प्युटर बाहेर काढला, जळमटं झाडली. तेवढ्यात मिनलला एक तातडीचा कॉल घ्यायचा होता, म्हणून तिनं तो पलंगावर ठेवूनच जोडला. आणि काय सांगू! आवाज खणखणीत. एकदाही तुटला नाही. कॉल संपल्यावर तिनं कॉम्प्युटर कपाटात ठेवून पाहिला, बाहेर काढून पाहिला, परत ठेवला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आई, पत्रा नेट अडवतोय. दार उघडं ठेवूनही उपयोग नाही, वायफाय पकडायची दांडी मागं आहे."

"मग काढ बाहेर, वाट कसली बघतेस?"

"पप्पांना सांगू नकोस. ते कपाट त्यांनी कसं बनवलंय ते तू पाहिलंस ना? मी बघते काहीतरी." आणि गपचूप सगळं परत आत ठेवलं. मला असा संताप आला! नोकरी जायची वेळ आली आणि ही बापाचं मन जपतेय. बापावरच गेलीये, दुसरं काय.

शनिवारी चहाच्या वेळी मी सरळ सांगून टाकलं, "अहो, तुमच्या कपाटानं पोरीची नोकरी चाललीय. पत्रा नेट अडवतोय."

ह्यांनी कप खाली ठेवला. "पत्र्यानं नेट अडतं होय? मग मोबाइल कसा चालतो त्याच टेबलावर?"

"टेबलावर चालतो पप्पा. आत ठेवून बघा," मिनल म्हणाली.

ह्यांनी सोनूचं गाणं लावलेला मोबाइल घेतला, कपाटात अगदी मागं, डब्याच्या पाठीशी ठेवला आणि कडी लावली. गाणं थोडा वेळ वाजलं. मग अडखळलं, मग बंदच पडलं. सोनू दारावर थापा मारत रडायला लागली. ह्यांनी मोबाइल बाहेर काढला, थोड्या वेळात गाणं चालू. परत आत ठेवला, परत बंद. माझ्यावर विश्वास नसला तरी स्वतःच्या हातावर आहे ना त्यांचा.

त्यांनी मोबाइल सोनूच्या हातात दिला. मग मिनलला म्हणाले, "म्हणजे गार्ड काढला की स्पीड येईल. असंच ना?"

मिनलचा चेहरा उतरला. "राहू द्या पप्पा," ती म्हणाली. "मी दुसरं काम शोधते. दुकानात उभी राहीन कुठंतरी." आणि तिच्या डोळ्यातून पाणी आलं. एवढं सगळं झालं तेव्हा रडली नव्हती ती.

हे उठले, पाना घेऊन आले आणि भिंतीचे बोल्ट सोडवायला बसले. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तू बाजूला हो, धार लागेल." कपाट बाहेर ओढलं, दारापुढच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. त्याच्यावरून एकदा हात फिरवला आणि आत आले. मी भांडी घासायला घेतली.

सोमवारी सकाळी मिनल कामाला बसली. कॉम्प्युटर उघड्या टेबलावर, मागं वायरींचा गुंता लोंबतोय. हे इस्त्रीचा शर्ट घालून आले, टेबलाच्या बाजूला स्टूल टाकलं आणि वायरींच्या पुढं बसले.

"हे काय?" मी विचारलं.

"गार्ड काढलाय ना. मग कोणीतरी बसायला नको? माझ्या वेळेला कोणी बसलं नव्हतं."

मिनल एका म्हातारबांना शांतपणे काहीतरी समजावत होती. आवाज कुठंच तुटत नव्हता. दुपारपर्यंत ह्यांनी पाय मोकळे केले नाहीत, जेवण तिथंच वाढून घेतलं. मी म्हटलं, "अहो, जरा आडवे व्हा, मी बसते." मान हलवली नुसती. तेवढ्यात सोनू दुडूदुडू आली आणि तिनं वायरीला हात घातला. ह्यांनी घाईत उजवा हातच मध्ये घातला. तो हात त्यांनी आजवर नातीपासून लपवलेला, ती घाबरेल म्हणून. सोनूनं वायर सोडली आणि जिथं बोटं नाहीत तिथं मुठीत धरलं, आणि खुशाल तसंच धरून उभी राहिली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात काही मागं घेतला नाही.