शिट्टी एकाहत्तरला

वाऱ्याशी भांडण उकरून काढून ते पावणेदोन वर्षं नेटाने चालवणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, हे यजमान. राहायला मिरजेत, आणि काम तंबोऱ्यांची जवारी काढण्याचं. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीने अगदी केसाकेसाने घासायचा, मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा घालून तो हळूहळू सरकवायचा. एका जागी तो नेमका बसला की मुकी तार बोलायला लागते. ती जागा डोळ्यांना दिसत नाही आणि पट्टीने मोजता येत नाही. ती फक्त कानाला कळते. म्हणजे आक्कांची चूल साडूंच्या दोन कानांवर पेटते, आणि हे वाक्य मी मोजूनमापून लिहितो आहे. पाटबंधारे खात्यात पाण्याची पातळी नोंदवण्यात माझी बावीस वर्षं गेली. सेंटिमीटरभर इकडेतिकडे लिहिलं तरी मला जेवण जात नाही.

अशा कानांचा माणूस घरात वावरतो तेव्हा इतरांचे हाल होतात. साडू आमच्याकडे साताऱ्याला आले की आधी पंखा बंद करायला लावतात, कारण तो आणि फ्रीज यांचं एकमेकांशी जमत नाही. आमचा मिक्सर सुरू झाला की ते अंगणात जाऊन उभे राहतात. बाजारात भाजीचा भोपळा घ्यायला गेले तर दहा भोपळ्यांवर टिचक्या मारतात आणि त्यातला सर्वात चांगला वाजणारा आणतात. मग तो चिरायला आक्कांना बंदी. आक्कांनी एकदा विचारलं होतं की आता भाजी कशाची करू, तर म्हणाले, दुसरा आणा, मुका बघून. सिलिंडरवर बोटाचं पेर वाजवून तो किती दिवस पुरेल ते सांगतात. मी सलग सात सिलिंडरांना हे तपासलं. चूक दोन दिवसांच्या वर कधी गेली नाही, आणि ज्या वेळी दोन दिवसांची गेली त्या वेळी आमच्याकडे चार पाहुणे जास्त होते.

मंगळवेढ्याच्या बाजूने तंबोऱ्याला लागणारे वाळलेले भोपळे आणण्यासाठी त्यांनी एक जुनी सात जणांची गाडी घेतली आणि तिच्या टपावर कॅरिअर बसवून घेतलं. भोपळा वजनाला हलका पण जागेला जड, त्यामुळे कॅरिअरला पर्याय नव्हता. पहिल्याच रविवारी ते आणि आक्का रहिमतपूरला, म्हणजे आमच्या दोघांच्या सासुरवाडीला आले, ते तोंड पाडून. कॅरिअर शिट्टी घालत होतं. मी म्हटलं, अहो, सगळ्यांचीच घालतात, काच वर करा आणि रेडिओ लावा. यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने मी पाणी चोरणाऱ्यांकडे पाहतो.

"पावणं, ही शिट्टी न्हाई, सूर हाय," ते म्हणाले. "कानात अडाकला की दुसऱ्या दिशी दुपारपत्तुर माजी जवारी लागत न्हाई. त्यो सूर मधी मधी येतुया."

मला सुरातलं काही कळत नाही, पण काम अडतं म्हटल्यावर मला राहवेना. गाडी त्यांची, वही माझी, असं ठरलं. सातारा ते उंब्रज या हायवेच्या तुकड्यावर आम्ही रविवार-रविवार फेऱ्या मारल्या. नोंदी स्पष्ट होत्या: ताशी बासष्ट किलोमीटरला आवाज सुरू, एकाहत्तरला सर्वात मोठा, चौऱ्याऐंशीच्या पुढे नाहीसा. ही नोंद दाखवली तेव्हा साडूंनी सरळ अर्थ काढला की गाडी पंच्याऐंशीने चालवायची. पुढच्या खेपेला आक्का कराडच्या अलीकडेच उतरल्या आणि एस.टी.ने आल्या. मग साडूंनी दुसरं टोक धरलं आणि साठने चालवायला लागले. मिरज ते रहिमतपूर या वाटेवर एस.टी.च्या गाड्या त्यांना मागे टाकून जात, आणि त्यातले लोक वळून वळून बघत की आतल्या माणसाला काय झालंय.

उपाय आम्ही अकरा केले. पुढचा आडवा पाइप चार इंच मागे घेतला, तर शिट्टी बासष्टऐवजी अठ्ठावन्नला लागली. पाइपाच्या तोंडांना रबरी बुचं मारली. पुढे तिरका पत्रा लावला. तो कासेगावाजवळ उडाला आणि आम्ही शेतात शिरून तो परत आणला. टॉवेल गुंडाळला, तो आक्कांनी ओळखून परत काढून घेतला. एकदा अर्धे कापलेले सोळा भोपळे तोंडं पुढे करून वर बांधले होते, तेव्हा गाडी अशी काही घुमली की तासगावात लोक दुकानांतून बाहेर आले.

पण ज्या उपायाने मी खरा हताश झालो तो सातवा. मी कुठेतरी वाचलं होतं की पाइपाला दोरी सापासारखी वेढे देत गुंडाळली की वारा फुटतो आणि शिट्टी बंद होते. तसं मी फोनवर सांगितलं. साडूंनी दोरी हा शब्द ऐकला आणि त्यांचे हात त्यांच्या मनाप्रमाणे चालले. कॅरिअरचा पाइप जिथे टपावरच्या खुंटीवर टेकतो, तिथे, बरोबर मध्ये, त्यांनी चारी जागी सुताचा धागा घातला आणि अर्धा दिवस खपून तो सरकवत सरकवत नेमका बसवला. एकाहत्तरला कॅरिअर बोलायला लागलं. आधी साधी शिट्टी होती, आता तिच्यातून झंकार निघत होता. मी कपाळाला हात लावला. "अहो, आपल्याला बंद करायचा होता," मी म्हटलं. ते गाडी चालवता चालवता जरा ओशाळले, आणि म्हणाले, "व्हय की. पर लागली लय ग्वाड." त्यांच्या हयातीत त्यांनी धाग्याने कधी काही गप्प केलंच नव्हतं.

शेवटी मीच मिरजेला गेलो आणि माझ्या हाताने दोन्ही पाइपांना सुती दोरीचे वेढे दिले, दर वेढ्यात तीन इंच अंतर, पट्टी लावून. दोघंच निघालो. बासष्ट, काही नाही. एकाहत्तर, काही नाही. फोनवरचा आवाजमापकही रस्त्याच्या नुसत्या घरघरीपलीकडे काही दाखवेना. पावणेदोन वर्षांनी मी पहिल्यांदा त्या सीटवर पाठ टेकली.

"हाय की अजून," साडू म्हणाले.

मी चिडलो. गाडी बाजूला घ्यायला लावली, पाने काढले, आणि भर उन्हात अख्खं कॅरिअर उतरवून मागच्या सीटवर टाकलं. पुन्हा एकाहत्तर. त्यांनी मान हलवली. "हायच." मग मी म्हटलं, थांबवा गाडी. त्यांनी एका उसाच्या कडेला थांबवली. इंजिन बंद केलं. वारा पडलेला होता, उसाचं पानसुद्धा हलत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ ऐकत होते.

"पावणं," ते शेवटी म्हणाले, "बंद गाडीत बी येतुया."

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. काचेच्या खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून, बारीक आवाज आला की बटण दाबायचं, अशी तपासणी झाली. साडूंनी बाहेर आल्यावर आधी मशीनचा एक सूर उतरलाय अशी तक्रार केली. मग कागद माझ्या हातात आला. आलेख वाचण्यात माझा जन्म गेलाय; डाव्या कानाची रेघ कलत होती आणि उजव्याची उंचावरून कोसळत होती. डॉक्टर सरळ बोलले. वरचे बारीक आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत, आणि ती शिट्टी कानातली आहे, ती बहुधा राहील. केव्हापासून असेल, असं मी विचारलं. दोन वर्षं तरी, ते म्हणाले. मी मनात वजाबाकी केली. म्हणजे गाडी घेतली त्याच्याही आधीपासून. कॅरिअरची शिट्टी खरी होती, माझ्या वहीत आहे. पण दुपारपर्यंत जवारी अडवणारा तो सूर वेगळा होता. जिन्यावर साडू एवढंच म्हणाले, "आक्काला सांगू नगा. लोकं तंबोरं आनून द्यायची बंद व्हत्याली."

पुढच्या रविवारी रहिमतपूरला सगळे जेवायला बसलेले असताना आक्कांनी मलाच विचारलं, "गेली का वो ती शिट्टी एकदाची?" साडू ताटाकडे बघत होते. मी म्हटलं, "नाही. अजून आहे." आकड्यांच्या दृष्टीने ते खोटं नव्हतं, तरी मला त्या दिवशी भात गिळेना. आक्का म्हणाल्या, मग काढून टाका की ते कॅरिअर. "आनि भोपळं काय डोक्यावर आनू?" साडूंनी विचारलं, आणि सगळे हसले.

परवा मला त्यांनी मिरजेला बोलावून घेतलं. कामाच्या खोलीचं दार लावलं, समोर एक नवा तंबोरा, आणि मला शेजारी बसवलं. म्हणाले, तार छेडतो, बोलती का ते सांगा. मी म्हटलं, साडूभाऊ, मला सा आणि प यातला फरक कळत नाही, मी तुमचं काम बिघडवीन.

"कळाय नगं," ते म्हणाले. "छेडल्यापासनं पार इझूस्तवर किती येळ ऱ्हाती त्येवढं घड्याळ लावून सांगा. तुमी खोटं सांगनार न्हाई."

मी घड्याळ काढलं. नऊ सेकंद, मी म्हटलं. त्यांनी कानस दोनदा फिरवली, धागा सरकवला, पुन्हा छेडली. अकरा. पुन्हा. साडेअकरा. दर वेळी मी आकडा सांगितला की ते मान डोलवत, जणू त्यांनीही तेच ऐकलं होतं. तेराच्या पुढे तार माझ्यापुरती संपत होती. त्यांनी मात्र तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळहात पसरून ठेवला होता, डोळे मिटलेले होते, आणि माझा आकडा सांगून झाल्यावरही त्यांनी तो हात बराच वेळ उचलला नाही.