टॉर्मडच्या उंचावलेल्या हातांची फुली

टॉर्मडच्या शवपेटीला मी खांदा दिला, पण तो मला फारसा कळला होता असं म्हणवत नाही. आमच्या बेटाच्या धक्क्यावर बोटीचे दोर झेलायचं काम त्याचं. समुद्र खवळला असला की तो डोक्यावर हातांची फुली धरायचा आणि बोट परत फिरायची. आम्ही चिडवायचो, "देव तरी कधीमधी ऐकतो बाबा, तू नाही."

त्याची बहीण पेगी लग्न होऊन न्यूझीलंडला गेली, ती म्हातारपणी पहिल्यांदाच येणार होती. त्यानं खोली रंगवली, मेंढा कापला. आठवडाभर वादळामुळे बोट सुटलीच नाही. शनिवारी सुटली, पण लाटा धक्क्यावरून वाहत होत्या. कठड्याशी पेगी उभी होती. तिचा चेहरा दिसत होता.

"एकदा बोट लावून तर बघू दे त्यांना," मी म्हणालो.

"ती एकटी नाही रे बोटीत."

त्यानं हात वर नेऊन फुली केली. पेगीला वाटलं, भाऊ आपल्यालाच हात करतोय. तीही दोन्ही हात हलवू लागली. बोट वळली तरी हलवतच होती.

रविवारी आमच्याकडे बोट नसते आणि सोमवारी पहाटे तिचं विमान होतं. सोमवारी समुद्र ताटासारखा सपाट होता. टॉर्मडनं नेहमीसारखे दोर झेलले. त्याच आठवड्यात तो झोपेत गेला. त्या सोमवारी धक्क्यावर मी त्याला विचारलं होतं, "गुरुवारी येईल ना रे बोट?"

"येईल की. तुझ्या कोंबड्यांचं खाद्य आहे तिच्यात. हातगाडी घेऊन ये."