आईचं लिव्हर आणि माझा खोकला

"दाखव गं. लाजतेस काय? सगळे घरचेच आहेत."

इंदिरानगरच्या त्या फ्लॅटचा हॉल पाहुण्यांनी भरला होता. माझ्या हातात कबाबचा ट्रे. नुकतीच खोकल्याची उबळ येऊन गेली होती. एका बाईनं उचललेला कबाब परत ठेवला, टिश्यूनं बोटं पुसली आणि विचारलं, "हिला टीबी वगैरे नाही ना?"

मला नाही विचारलं. ज्यांच्या घरी मी स्वयंपाकाला होते, त्या ताईंना विचारलं.

"छे गं! लिव्हर ट्रान्सप्लांट झालंय तिचं. हिच्या आईनं दिलं. दाखव गं त्यांना."

मी ट्रे ठेवला. पदर बाजूला केला. पोटावरचा तो आडवा, जाड, चकाकणारा व्रण सगळ्यांनी बघितला. कुणी "ओ माय गॉड" म्हणालं. कुणी आई कशी आहे विचारलं.

"ती गेली ना गेल्या वर्षी," ताई म्हणाल्या. "पण लिव्हर बघा, मस्त चाललंय!"

थोडे लोक हळहळले. थोडे हसले. एकानं मोबाईल वर धरला. मी पदर घेतला, ट्रे उचलला, किचनमध्ये आले. पुढचे कबाब तव्यावर टाकले. रडता येत नव्हतं. रडलं की खोकला येतो.

आमचं घर राजाजीनगरचं. तीन पिढ्या इथेच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. आई बाजारात फुलं विकायची. मी लोकांकडे स्वयंपाक करायची. ताई पुण्याच्या. नवरा-बायको दोघंही कंपनीत. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मॅडम नको म्हणू, ताई म्हण. आपल्या भाषेची बाई मिळाली, किती बरं वाटलं!" मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माझा पेला वॉशिंग मशीनवर ठेवलेला दिसला. वेगळा. माझ्या हातच्या पोळ्या चालायच्या. मी प्यायलेला पेला चालायचा नाही.

मग मी आजारी पडले. दारू नाही, काही नाही. माझंच शरीर माझ्या लिव्हरवर उठलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ताईंच्या नवऱ्यानं मोठ्या हॉस्पिटलात ओळख काढून दिली. हे खरं आहे. मी ते नाकारत नाही.

लिव्हर आईचं जुळलं. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "स्वल्पच कापणार की गं. परत वाढतं म्हणे ते. केसासारखं." डॉक्टरला कन्नडमध्ये म्हणाली, पाहिजे तेवढं घ्या, पोरगी घरी चालत आली पाहिजे.

मी चालत आले. तीही आली. फुलांच्या टोपलीपाशी परत बसायला लागली.

पुढच्या वर्षी ती बाजारातच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला. ऑपरेशनचा काही संबंध नाही, डॉक्टरांनी नीट समजावलं. समजलं मला. पण समजून काय करू?

तिला घरात ठेवलं होतं. चारी बाजूंनी उदबत्त्या, धूप. मी तिच्या उशाशी बसले आणि छाती आवळली. श्वास आत जाईना. शेजारच्या अक्कांनी मला धरून बाहेर आणलं. "इथं बस. तिनं दिलंय ते सांभाळ." मी गल्लीत चपलांजवळ बसले. लोकांच्या पायांमधून आईचे पाय दिसत होते. तेवढेच दिसले.

त्यानंतर खोकला गेलाच नाही. लिव्हरच्या डॉक्टरनं छातीच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे नळीत फुंकायला लावलं. जोर लावून फुंकलं, तरी जेमतेम. डॉक्टरबाई तरुण होत्या. शांतपणे म्हणाल्या, "लिव्हर चांगलं आहे. पण श्वासनळ्या आतून सुजल्यात. नवं लिव्हर शरीरानं परत फेकू नये म्हणून तुमची प्रतिकारशक्ती आम्ही औषधांनी दाबून ठेवतो. मग साधी सर्दीसुद्धा छातीत उतरते. धूर नको. फोडणीचा ठसका नको. गर्दीत मास्क पाहिजे. पेला-ताट वेगळं असलं तर बरं."

मी ताईंना सगळं सांगितलं. पेल्याचं ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "बघ! मी तर आधीपासूनच वेगळा ठेवलाय. तुझ्याच इम्युनिटीसाठी." मी मान हलवली. मलाही तसंच वाटावंसं वाटत होतं.

मास्कचं म्हणाले तर, "पाहुण्यांसमोर नको हं. लोकांना वाटेल आमच्याकडे काही साथबिथ आहे." किचनची चिमणी चालू ठेवू का विचारलं तर, "फार आवाज येतो गं तिचा. गाणी ऐकू येत नाहीत."

म्हणून त्या पार्टीत माझ्या तोंडावर मास्क नव्हता आणि चिमणी बंद होती. धुरात उभी राहून मी कबाब भाजले. आठवड्याच्या आत न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात तोंडावर ऑक्सिजन लावून पडले. घरी सोडताना नर्सनं परत तेच सांगितलं. धूर टाळा, मास्क लावा, पेला वेगळा ठेवा. एका दमात तिन्ही.

तेव्हा मला कळलं. तिन्हीतलं ताईंनी एकच ऐकलं होतं. आणि ते एक तर मी धडधाकट होते तेव्हापासून त्या पाळत होत्या. माझा जीव वाचेल ते त्यांना जड झालं. मी लांब राहीन ते सोपं गेलं. त्याला त्यांनी माझ्या आजाराचं नाव दिलं. मीही दिलं. वर्षभर.

बरी झाल्यावर कामावर गेले. मास्क लावून. चिमणी चालू केली. ताई आत आल्या, चिमणी बंद केली.

"मैत्रीण येतेय. तिच्या सासऱ्यांचं हेच ऑपरेशन आहे. तिला तुझा कट बघायचाय. पाचच मिनिटं. आणि तो मास्क काढ."

"त्यांना काय विचारायचं ते विचारू दे. मी सांगेन सगळं. पोट दाखवणार नाही. मास्क काढणार नाही."

मी हात वर केला आणि चिमणी परत चालू केली.

"कुणाशी बोलतेयस तू?" ताईंचा आवाज चढला. "आमच्यामुळे जिवंत आहेस तू!"

"नाही मॅडम. आईमुळे."

मी गॅस बारीक केला.

"तुम्ही ओळख काढून दिलीत. त्याचे आभार मानलेत मी. आजपण मानते. पण आईनं दिलेलं तुमच्या पाहुण्यांना दाखवायला नव्हतं दिलं."

"चालती हो."

"सरी," माझ्या तोंडून कन्नडच निघालं. ठीक आहे.

गॅस बंद केला. हात धुतले. लिफ्टपर्यंत पोचता पोचता धाप लागली. भिंतीला टेकून उभी राहिले. आई असती तर पाठीवरून हात फिरवला असता. नव्हती. मग एकटीच खाली उतरले.

छाती पहिल्यासारखी होणार नाही, डॉक्टरबाईंनी सांगितलंय. आहे तेवढी राखायची. आता राजाजीनगरातच नवं काम शोधते. दार उघडलं की आडनावाआधी माझ्या अटी सांगते. मास्क राहील. धूर बाहेर जायला वाट पाहिजे. पाणी तुम्ही पिता त्याच पेल्यात द्या, धुऊन. वेगळा लागेल तेव्हा माझा मी घेऊन येईन. बहुतेक बायका दार लावून घेतात. काही ऐकून घेतात. बोलताना मध्येच खोकला येतो. मी मान वळवते, तो संपेपर्यंत थांबते आणि राहिलेली अट सांगते.