रजेतलं बोर्डो

बहारीनच्या झिंज भागातल्या आमच्या फ्लॅटचा पांढराशुभ्र बाथटब आणि त्यात ठेवलेली निळ्या पाण्याची बादली… माझं बालपण मला आठवतं ते तिथपासून. एका बादलीत मोरचुदाचे खडे विरघळून झालेलं गर्द निळं पाणी, दुसरीत चुन्याचं दुधाळ पाणी, आणि ओढणी कमरेला खोचून टबाच्या काठावर बसलेली आई. दोन्ही पाणी ती एकदम तिसऱ्या बादलीत ओतायची, धार तुटू न देता, आणि बघता बघता आभाळाच्या रंगाचं दाट मिश्रण तयार व्हायचं. मग स्वयंपाकघरातली सुरी त्यात बुडवून ती उजेडात धरायची. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला म्हणायचं. चुन्याचा तो ओला, घशात बसणारा वास, बंद खिडकीपलीकडे धापा टाकणारा एसी, आणि आईच्या कपाळावर निळ्या थेंबांची नक्षी — आई त्या वेळी कुणा दुसऱ्याच घरची वाटायची.

ती दिंडोरीची. आजोबांची द्राक्षबाग होती आणि आई मांडवाखालीच मोठी झाली होती. लग्न करून बाबांबरोबर बहारीनला आली — बाबा एका कंपनीत अकाउंट्स बघत — तेव्हा तिने बागेतली एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. ती काडी बाल्कनीतल्या ड्रममध्ये रुजली. पण बहारीनचा उन्हाळा वेलीला मानवेना. दमट हवेत पानांवर केवडा, म्हणजे पिवळ्या डागांची बुरशी, पडायचा, मग धुळीचं वादळ यायचं, मग लू लागून कडा करपायच्या. आईने हट्ट सोडला नाही. माहेरहून येताना गोडा मसाला आणि पापडांच्या मधोमध मोरचुदाची पुडी असायचीच. फवारणीला तिच्या माहेरी ‘बोर्डो मारणं’ म्हणत. आमच्याकडेही शुक्रवारी सकाळी बोर्डो मारलं जाई, आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर निळे ठिपके पडले की बाबा जाऊन माफी मागून येत.

मी चौथी-पाचवीत असेन. ईसा टाउनच्या शाळेतून आल्यावर बसच्या धक्क्यांनी अर्धमेली होऊन सोफ्यावर अ‍ॅटलास उघडून पडले होते, आणि आई शेजारी मेथी निवडत होती. तिची नजर फ्रान्सच्या नकाशावर गेली. “हे काय लिहिलंय?” मी अडखळत वाचलं, “बोर्डो.” ती हातातली जुडी तशीच धरून बघत राहिली. “म्हणजे ते गाव आहे?” मग बाबांनी सांगितलं की तिथेच हे औषध निघालं, तिथे सगळीकडे द्राक्षंच द्राक्षं, वाइनसाठी प्रसिद्ध मुलूख. आई इतकी हरखली… लहानपणापासून तोंडात बसलेल्या शब्दाला नदी होती, रस्ते होते, जुने दगडी दरवाजे होते! त्या दिवसापासून तिने एक धोशा लावला — एकदा ते बोर्डो बघून येऊ.

बाबांचं उत्तर ठरलेलं असे: “पुढच्या वर्षी. इंशाल्ला.” आखातात राहिलेल्या माणसाला या इंशाल्लाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नाही म्हणायचं नसलं की तो शब्द कामी येतो. आणि बाबांचंही चुकत नव्हतं. वर्षाची रजा आमची नसतेच मुळी. ती गावाकडच्या माणसांची असते. निम्मी पुण्याला काका-आत्यांत वाटायची, निम्मी दिंडोरीला. लग्नं, बारशी, दवाखाने, थांबून राहिलेली भांडणं — सगळं त्या रजेत उरकायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये ती रजा दुसरीकडे कुणी कधी घालवल्याचं मला आठवत नाही.

म्हणून मी सातवीत असताना एका संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले, बूटसुद्धा न काढता म्हणाले, “या वर्षी फ्रान्स. बोर्डो. मी तिकिटांचं बोलून आलोय,” तेव्हा मी सोफ्यावरून उडी मारली. आई मात्र कढीत डाव फिरवत होती तशीच फिरवत राहिली. नंतर हसली. खूप वेळ हसत होती.

समोरच्या फ्लॅटमधल्या रत्नागिरीच्या रुकय्याखाला भेटल्या तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “गावाला नाय जानार? बापाला तोंड नाय दाखवनार ह्या वर्साला?” आई म्हणाली, “दिवाळीला जाऊन येईन ना, खाला.” खालांनी तिच्याकडे बारीक नजरेने पाहिलं आणि काहीतरी पुटपुटत दार लावलं.

आईला त्याआधी महिनाभर पोटात दुखत होतं. जेवण कमी झालं होतं, डोळे पिवळट दिसत. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आणि अल्सर निघाला असं बाबांनी आम्हाला सांगितलं. निघायच्या आठवड्यात ते मला शाळेतून न्यायला स्वतः आले. गाडी सावलीला लावली, पण सुरू केली नाही. आत भट्टी पेटलेली, सीटचं रेक्झिन पायाला चटके देतंय, आणि बाबा समोर बघत म्हणाले, “आईला अल्सर नाहीये.” मग त्यांनी खरं नाव सांगितलं. पसरलंय म्हणाले. “तिला सांगायचं नाही. मामाचं आणि माझं ठरलंय. हाय खाईल ती. तिला बोर्डो बघायचंय, ते तिला दाखवू. तू मोठी आहेस आता.” मी मोठी नव्हते. पण आपल्याकडे हे असंच करतात — रिपोर्ट नवऱ्याच्या हातात, निर्णय भावाच्या तोंडात, आणि जिचं पोट दुखतंय तिला सोडून घरात सगळ्यांना ठाऊक. मला त्या रीतीचा आजही संताप येतो.

बोर्डो मला आवडलं नसतं तर बरं झालं असतं. पण ते फार सुंदर होतं… मधाळ रंगाच्या दगडांची उंच घरं, त्यांच्या लोखंडी गजांच्या बाल्कन्या, भरतीच्या वेळी उलटी वाहणारी गढूळ, जाडजूड नदी. नदीकाठच्या एका चौकात जमिनीवर बोटभर पाणी सोडलं होतं आणि त्यात समोरचा सगळा राजवाडी थाट उलटा उभा होता. आई सलवार वर धरून अनवाणी त्या पाण्यात चालली. टोकदार मनोऱ्यांच्या जुन्या वेशीखाली थांबून तिने दगडावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी जवळच्या ब्लाय गावचा किल्ला, खाडीकडे तोंड करून बसलेला. तटावर गवत वाढलेलं, आणि वारा इतका की बाबांचे छापून आणलेले कागद उडाले. बाबा एखाद्या परीक्षेला बसल्यासारखे सहल पार पाडत होते. सकाळी हॉटेलच्या किटलीत नूडल्स, दुपारी दशम्या आणि चटणी, आणि मधल्या वेळी, “हे बघ, हेही बघून घे.” प्रत्येक ठिकाणी ते आईच्या चेहऱ्याकडे बघत. ती चटकन आनंदी होई. मी दोघांकडे बघत असे.

शेवटी सेंट एमिलियन. अख्खं गाव टेकडीच्या उतारावर, आणि गावाच्या भिंतीला टेकलेल्या द्राक्षबागा. एकाच खडकात आत आत कोरत नेलेलं चर्च होतं. आतल्या गारव्यात ओल्या दगडाचा वास भरून राहिलेला. “आपल्या वेरूळसारखं,” आई हळूच म्हणाली. बाहेर आल्यावर ती थेट बागेत शिरली. तिथल्या वेली कमरेएवढ्याच, मांडव नाही. ओळींच्या टोकाला गुलाबाची झुडपं. “वाकून वाकून कंबर मोडत असेल बायांची,” ती म्हणाली. हिरवे, कडक मणी तिने चाचपले, एक पान उलटं केलं. त्यावर फिकट निळे डाग होते. तिने ते पान नाकाशी नेलं आणि डोळे मिटून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. बाबा लांबून समाधानाने बघत होते. तळघरात वाइन चाखायला दिली तेव्हा आईने पेला उचलला, तर बाबा गडबडून म्हणाले, “अगं, तुझा अल्सर!” तिने निमूटपणे पेला खाली ठेवला.

गावातली एक गल्ली अगदी उभी चढते. गुळगुळीत झालेले गोटे, धरायला मधोमध लोखंडी कठडा. निम्म्या वाटेवर आईला धाप लागली. ती एका दाराच्या पायरीवर बसली. बाबा पाणी आणायला खाली धावले. ते वळणाआड गेले तशी आई म्हणाली, “मला माहितीये, पोरी.”

मी कठडा घट्ट धरला. तो उन्हाने तापला होता.

“तुझ्या बाबांनी रजेला माहेराऐवजी फ्रान्सचं तिकीट काढलं, तेव्हाच कळलं. एवढी वर्षं कुठं काढलं होतं?” ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. “मला इथं नव्हतं यायचं गं आता. मला घरी जायचं होतं. बापाकडं. मांडवाखाली नुसतं बाज टाकून पडायचं होतं.”

“मग सांग ना बाबांना! आजही जाता येईल.”

“कसं सांगू? दिंडोरीला न्या म्हटलं, तर मला कळलंय हे कळेल त्यांना. मग ते कोसळतील. बघ ना, किती जीव लावून करतायत… मला हसवण्यावरच उभे आहेत ते. राहू दे.”

बाबा धापा टाकत वर आले. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात वितळणारं आइस्क्रीम. आईने ओढणीने तोंड पुसलं. “काय सुंदर गाव आहे हो,” ती म्हणाली. “डोळ्यांचं पारणं फिटलं.” बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. ते खरोखर सुखी दिसत होते.

परत आल्यावर सगळं भरभर घडलं. सप्टेंबरचा चिकट उकाडा, हॉस्पिटलच्या पडद्यांचा औषधी वास, खालांनी पाठवलेली आणि कुणीच न खाल्लेली तांदळाची भाकरी. डॉक्टर म्हणाले, आता विमानात बसवता येणार नाही. आजोबांनाही कुणी काही सांगितलं नव्हतं — म्हातारा माणूस, झेपणार नाही म्हणून. आणि सांगितलं असतं तरी ते कसे येणार होते? त्यांच्याकडे पासपोर्टच नव्हता. ते फोनवर विचारत, “दिवाळीला येतेस ना?” आई उशीत डोकं रुतवून, सगळा आवाज गोळा करून म्हणे, “येते ना दादा. छाटणी झाली का?” मग ते छाटणीचं सांगत बसत आणि ती ऐकत राही, रिसीव्हर कानाशी धरून, बाबा आत आले की हसत.

दिवाळीच्या आधीच ती गेली. तिला मुंबईला नेलं ते विमानाच्या पोटातून, आणि तिथून पुण्याला, कारण सासर पुण्याचं. आजोबा जीप करून तिकडे आले. दिंडोरी वाटेत कुठेच लागली नाही.

पुढे मीही नोकरीला इथेच, बहारीनला आले. बाबा आता पुण्यात असतात, थकलेत. गेल्या रजेत मी त्यांच्याकडे असताना त्यांचे एक जुने मित्र आले. त्यांच्या बायकोचे, काकूंचे रिपोर्ट आले होते, आणि ते चांगले नव्हते. “तिला सांगावं का रे?” त्यांनी विचारलं. बाबा खुर्चीत सरळ बसले. “मुळीच नाही. आम्ही नाही सांगितलं. शेवटपर्यंत कळू दिलं नाही. तिची एक इच्छा राहिली होती, ती पुरवली. समाधानाने गेली. विचार हवं तर हिला.”

काका माझ्याकडे बघत होते. मी मान डोलावली. पण त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा मला राहवलं नाही. “काका,” मी म्हणाले, “आधी काकूंना विचारा, कुठे जावंसं वाटतंय. आणि काही झालं तरी एकदा माहेरी नेऊन आणा.” ते जिना उतरून गेले.

वळले तर बाबा दारात उभे होते, चौकट धरून. त्यांनी ऐकलं होतं. ते माझ्याकडे नाही, जिन्याकडे बघत होते. मग म्हणाले, “तिला दिंडोरीला न्यायला हवं होतं का गं?”

“नाही, बाबा,” मी म्हणाले. “तिला बोर्डोच बघायचं होतं.”