पैगंबराला बोललेला नवस

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बाज आवळली. सुतळी ढिली पडून मधोमध झोळ आला होता. ही उशाकडून धरायची, मी पायथ्याकडून ओढायचो.

"जोरमा ओढा ना, भाकर नही खादी का?"

महिनाभराच्या तापातून उठलेली बाई, आणि टोमणे मला! मग सहज म्हणाली, तापात ती शेजारच्या चाचांच्या पैगंबराला नवस बोलली होती. बरी झाले तर नारळ आणि चादर. "रविवारी जाऊ," मी म्हटलं.

रात्रीत ताप पुन्हा चढला आणि दुसऱ्या दिवशी ती गेली.

अडुसष्टच्या पुरानंतर आम्ही परमुलखात, उधन्याच्या चाळीत राहत होतो. मी कापडाच्या कारखान्यात लूमवर, चाचाही लूमवर. चाचा मूळचे चोपड्याकडचे, मराठी आमच्यासारखीच बोलायचे. हिची आणि चाचींची गट्टी होती.

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि मला घोर लागला. नवस राहिला तर मेलेल्याचा जीव अडकतो, असं आमच्याकडे मानतात. मी देवधर्माचा माणूस नव्हे. पण हिचा जीव अडकलाय हे सोसवेना. नारळ आणि हिरवी चादर घेऊन चाचांच्या दारात उभा राहिलो.

"तुमच्या पैगंबराचं देऊळ दाखवा."

चाची हसल्या, आणि हसता हसता ओढणीनं डोळे पुसू लागल्या.

"भाऊ, त्यांचं देऊळ नसतं. फोटोही नसतो," चाचा म्हणाले. "चादर चढवतात ती पीरबाबांच्या दर्ग्यावर. तू सगळं एकत्र केलंस."

"मग पैगंबर करतात काय?"

"अल्लाहचा निरोप माणसांपर्यंत आणतात. आणि तसं वागून दाखवतात. असे पुष्कळ येऊन गेले, मुलखामुलखांत. आमचे शेवटचे, त्यांच्यावर सलाम. पण देव नव्हेत, माणूसच. मागायचं ते अल्लाहकडे."

"आणि हिचा राहिलेला नवस?"

"ज्यांनी कधी कुणाचा नवस घेतलाच नाही, त्यांचा राहील कसा?"

छातीवरचा दगड उतरला. तरी माझं तोंड गप्प बसेना. म्हटलं, "देवानं पाठवलेल्या माणसाला काय कळणार बायको गेल्याचं?"

"कळणार नाही कसं?" चाची आतून कडाडल्या. "त्यांचीही गेली. इतक्या वर्षांचा संसार! पोरंसुद्धा पुरली त्यांनी. पुढे घरी बकरी कापली की गेलेल्या बायकोच्या मैत्रिणींना वाटा पाठवायचे."

मी उंबऱ्यावरच बसलो. तेरा दिवस लोक मला आत्मा अमर असतो म्हणून सांगत होते. त्यानं काडीचं बरं वाटलं नव्हतं. यानं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लूमवर जायच्या आधी मी वांगी भाजली, भरीत केलं. मिरची जरा जास्तच पडली. एक वाटा चाचींना दिला. दुसरा नळावर हिच्याशी रोज भांडणाऱ्या बाईला. ती वाटी हातात घेऊन माझ्याकडे खुळ्यासारखी बघत राहिली. म्हटलं, खा, तिच्या नावानं आहे.