लिफ्टवाल्याचं कापलेलं मत

लिफ्टवाला सिनेमाला गेला तो मेहुण्याच्या आग्रहाखातर. बायकोचा हा धाकटा भाऊ. तीन नोकऱ्या धरून सोडल्यावर त्याने एक चॅनेल काढलं होतं. थिएटरच्या दारात माइक घेऊन उभं राहायचं, बाहेर पडणाऱ्याच्या तोंडापुढे तो धरायचा आणि विचारायचं, "कसा वाटला?" एवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं. त्या आठवड्यात एका गाजलेल्या हेरपटाचा दुसरा भाग लागला होता आणि त्यात म्हणे लिफ्टचा जबरदस्त सीन होता.

"भावोजी, तुमचा विषय आहे. तुम्ही बघायलाच पाहिजे," मेहुणा म्हणाला.

सत्तावीस वर्षं लिफ्टवाल्याने लिफ्ट बसवल्या होत्या आणि दुरुस्त केल्या होत्या. डाव्या हाताची दोन बोटं दरवाजाच्या पट्टीत सापडून चपटी झाली होती. कुठल्याही इमारतीत शिरला की तो आधी कान देऊन मोटरचा आवाज ऐकायचा, मग माणसांशी बोलायचा. माणसांबद्दल त्याचं मत फार वरचं नव्हतं. लिफ्टचं बटण एकदा दाबून दिवा लागला तरी पुन्हा दहादा दाबणारी माणसं, दरवाजात पाय घालून गप्पा मारणारी माणसं, चार जणांच्या लिफ्टमध्ये कपाट चढवणारी माणसं हीच त्याने आयुष्यभर पाहिली होती. तुसडा म्हणूनच तो ओळखला जाई. त्याला त्याचं काही वाटत नसे.

सिनेमा अडीच तासांचा होता. नायक साठाव्या मजल्यावर शत्रूच्या लिफ्टमध्ये सापडतो, छताची झडप डोक्याने उघडतो, वर चढतो, पिस्तुलाच्या एका गोळीने दोर तोडतो. लिफ्ट साठ मजले कोसळत येते, आणि जमिनीला टेकायच्या क्षणी नायक उडी मारतो, म्हणून त्याला खरचटतही नाही. केसही विस्कटत नाहीत. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. लिफ्टवाला हसायला लागला. सुरुवातीला नाकाने, मग पोट धरून. पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून बघितलं. त्याचे डोळे वाहत होते.

बाहेर मेहुणा कामाला लागला होता. एका तरुणाने सांगितलं, पहिल्या भागापेक्षा चष्मा भारी आहे. कुणाचा चष्मा, तर नायकाचा. एका बाईला कथा फार खोल वाटली, पण काय घडलं ते मात्र तिला आठवेना. एक गृहस्थ म्हणाले की असा सिनेमा देशाला हवाच होता, आणि मग गाडी कुठे लावलीय ते विसरल्यामुळे इकडेतिकडे बघू लागले. एका पोरीने नुसतंच "फाडलं" म्हटलं आणि दोन बोटं दाखवली. "पाचपैकी साडेपाच," तिचा मित्र म्हणाला. लिफ्टवाला बाजूला उभा राहून ऐकत होता. ज्यांना आपल्या घरचा फ्यूज बदलता येत नाही, ती माणसं साठ मजल्यांच्या पडझडीचा दर्जा ठरवत होती.

मग माइक त्याच्यापुढे आला.

तो दहा मिनिटं बोलला. घरात दहा दिवसांतही एवढं बोलत नसे. लिफ्टला एक नाही, चार-पाच दोर असतात, आणि त्यातला एकटा दोरही भरलेली लिफ्ट पेलतो. सगळेच तुटले तरी लिफ्ट कोसळत नाही, कारण वेग वाढला की गव्हर्नर नावाचं यंत्र ब्रेक लावतं आणि ते रुळांना दातांसारखे चावतात. छताची झडप आतून उघडतच नाही, तिची कडी बाहेरून असते. आणि पडणाऱ्या लिफ्टमध्ये उडी मारून वाचायचं म्हणजे शेंबड्या पोराला तरी पटेल का. "सत्तावीस वर्षं या दोरांत गेली माझी, पण असं काही आजवर बघितलं नव्हतं," तो म्हणाला. "इतकं धडधडीत खोटं. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं माझ्या." आणि त्याने रुमालाने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने चहाबरोबर फोन पुढे केला. "अहो, तुम्ही रडलात?"

फोनवर तो होता. "सत्तावीस वर्षं या दोरांत गेली माझी, पण असं काही आजवर बघितलं नव्हतं." मग चित्राला एक झटका. "डोळ्यांतून पाणी आलं माझ्या." रुमाल. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: लिफ्ट मेकॅनिक काका ढसाढसा रडले. चौदा सेकंदांत संपलं.

दुपारपर्यंत सिनेमावाल्यांनी ते उचलून आपल्या जाहिरातीत घातलं. त्याखाली लोकांनी लिहिलं होतं: काकांचे अश्रू खरे आहेत. जाणकाराची दाद ती जाणकाराची दाद. आता टीका करणाऱ्यांची तोंडं बंद. कंपनीतल्या पोरांनी त्याच्या कपाटाच्या दारावर रुमाल लटकवून ठेवला.

संध्याकाळी मेहुणा स्वतःच आला, पेढ्यांचा डबा घेऊन.

"बाकीचं का कापलंस?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"भावोजी, दहा मिनिटं कोण बघतं? तुम्ही ब्रेकबद्दल बोलत होतात."

"मी खरं काय ते बोलत होतो."

"मग मी कुठे खोटं घातलं? प्रत्येक शब्द तुमचाच आहे ना? मी फक्त थोडे कमी केले."

लिफ्टवाल्याने त्याच्याकडे नीट बघितलं. गंजलेली पट्टी बदलायची की तेल घालून चालवायची, हे ठरवताना तो असं बघायचा. "तुझ्या अंगात कष्ट नाहीत हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "लाजही नाही हे आज कळलं."

मेहुणा हसला. त्याला ती गंमत वाटली. बायको मध्ये पडली, "जाऊ दे हो, आठ दिवसांत विसरतील लोक."

विसरण्याआधीच ते घडलं. पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. सात मजली इमारतीत वीज गेली होती आणि लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. आत दोघं होते. लिफ्टवाला जवळच काम करत होता, वीस मिनिटांत पोचला. तिसऱ्या मजल्यावर येऊन बघतो तर लिफ्टचे दोन्ही दरवाजे हाताने फाकवलेले, आणि वरच्या फटीतून दोन पाय बाहेर लोंबत होते. पायांत नवेकोरे बूट होते. पायांमागे, लिफ्टच्या तळाखाली, मोकळा काळा खड्डा होता. उडी थोडी जरी मागे पडली असती तर माणूस सरळ तीन मजले खाली गेला असता. लिफ्टमुळे लोक मरतात ते असे, कोसळून नाही.

"सोडा मला, आजी," वरून दमदार आवाज आला. "मला येतं हे."

"तुला काही येत नाही," दुसरा आवाज म्हणाला, थकलेला पण ठाम. "मी तुझा पट्टा धरलाय आणि मी तो सोडणार नाही."

आवाज होता पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त नर्सचा. पाय होते सातव्या मजल्यावरच्या व्यायाम शिक्षकाचे. झडप उघडण्यासाठी त्याने आधी छतावर डोकं आपटून बघितलं होतं, कपाळावर टेंगूळ होतं. मग दरवाजांकडे वळला होता.

"पाय वर घ्या," लिफ्टवाला म्हणाला.

शिक्षकाने मान तिरकी करून फटीतून खाली बघितलं. "अहो, तुम्हीच ना ते? व्हिडिओतले? तुम्हीच म्हणालात ना की..."

"मी काय म्हणालो ते नंतर सांगतो. आता म्हणतोय, पाय वर घ्या."

"पण त्या सीनमध्ये—"

"पाय वर."

त्याने त्या नव्या बुटांना खालून दोन्ही हातांनी रेटा दिला. वरून नर्सने पट्टा ओढला. साठी उलटलेल्या दोन माणसांनी मिळून व्यायाम शिक्षकाला पुन्हा लिफ्टमध्ये ढकललं. लिफ्टवाल्याने बाहेरचा दरवाजा बंद केला, ओढून खात्री केली, जिने चढून मशीन रूममध्ये गेला, हाताने मोटरचा ब्रेक सैल करून लिफ्ट हळूहळू चौथ्या मजल्याला आणली आणि खाली येऊन दरवाजा उघडला. नर्स आधी बाहेर आली. तिच्या दोन्ही तळहातांवर पट्ट्याचे लाल वळ उठले होते.

"थांबा," ती म्हणाली. "तुम्ही त्या व्हिडिओसाठी नक्की काय बोलला होतात? सगळं?"

जिन्याच्या पायरीवर बसून त्याने तिला सगळं सांगितलं. दहा मिनिटं लागली. तिने मध्ये दोनदा प्रश्न विचारला आणि दोन्ही प्रश्न बरोबर होते. गेल्या आठवड्यात त्याच्याशी धड बोललेलं ते पहिलं माणूस होतं. व्यायाम शिक्षक तोवर घरी गेला होता. रात्रीपर्यंत त्याने स्वतःचा व्हिडिओ टाकला: बंद लिफ्टमधून मी कसा निसटलो. त्यात नर्सचा उल्लेख नव्हता, लिफ्टवाल्याचाही नव्हता, टेंगूळ मात्र होतं. चार हजार लोकांना ते आवडलं.

लिफ्टवाल्याने तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला आणि फोन बायकोकडे दिला. "बघ. माझ्या तोंडाने तुझ्या भावाने या मूर्खाला खड्ड्यावर बसवलं होतं."

बायकोने बघितलं. मग तिने भावाला फोन लावला. ती एरवी त्याची बाजू घ्यायची, लहानपणापासून. त्या रात्री तिचा आवाज चढला नाही, म्हणून मेहुणा घाबरला असावा.

"उद्या सकाळी ते अख्खं टाकायचं," ती म्हणाली. "ब्रेकबिकसकट. एक शब्द कमी नाही. नाहीतर या घरात पाऊल ठेवू नकोस."

मेहुण्याने कुरकुर केली, चॅनेलचं नुकसान होईल म्हणाला, पण टाकलं. दहा मिनिटं बारा सेकंद. पहिल्या दिवशी ते त्रेसष्ट जणांनी बघितलं. एकाने लिहिलं, बोअर. एकाने लिहिलं, काकांनी पैसे कमी मिळाले म्हणून पलटी मारली. एकाने विचारलं की दुसऱ्या भागात नायकाचा चष्मा कुठल्या कंपनीचा होता. लिफ्टवाल्याने सगळं वाचलं. त्याच्या मनात लोकांविषयी जे होतं त्यात भर पडण्यासारखं काही नव्हतं, तरी थोडी पडलीच. सिनेमावाल्यांनी चौदा सेकंदांची जाहिरात काही काढली नाही.

नर्सने मात्र आपल्या इमारतीतल्या लोकांना रविवारी सकाळी तळमजल्यावर बोलावलं. अठ्ठावीस घरांतून नऊ माणसं आली. व्यायाम शिक्षक आला नाही. लिफ्टवाल्याने लिफ्ट उघडून दोर दाखवले, मशीन रूममध्ये नेऊन गव्हर्नर दाखवला, आणि अडकलं तर घंटा वाजवून खाली बसून राहायचं, बास, एवढंच सांगितलं. एका माणसाने विचारलं, मोटरचा ब्रेक निकामी झाला तर रिकामी लिफ्ट कुठे जाईल? वर, तो म्हणाला, कारण दोरांच्या दुसऱ्या टोकाला तोलासाठी टांगलेलं वजन तिच्याहून जड असतं. त्या माणसाने मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, "मग भरलेली?"

"खाली," लिफ्टवाला म्हणाला. "अर्धी भरलेली असली तर साधारण जागेवरच." आणि त्याने खिशातून खडू काढून भिंतीवर दोन्ही वजनं काढून दाखवायला सुरुवात केली.